बोली कोणाची, झोळी कोणाची?

गेल्या दोन दशकांत आपल्या राज्यांच्या कारभारात एका नव्या उत्सवाची भर पडली आहे. त्याचे नाव गुंतवणूकदार परिषद. २००३ मध्ये गुजरातने ‘व्हायब्रंट गुजरात’ या नावाने त्याचा प्रारंभ केला. पुढे पश्चिम बंगाल, तमिळनाडू, उत्तर प्रदेश, आंध्र प्रदेश अशी एकेक राज्ये त्या वाटेने गेली आणि आता असा उत्सव न करणारे राज्य शोधावे लागेल. परिषदेच्या अखेरच्या दिवशी मुख्यमंत्री एक आकडा जाहीर करतात. तो आकडा हेच त्या उत्सवाचे फलित मानले जाते. २०२३ च्या फेब्रुवारीत उत्तर प्रदेशाने साडेतेहतीस लाख कोटी रुपयांचे प्रस्ताव आल्याचे सांगितले, पुढच्याच महिन्यात विशाखापट्टणम येथे आंध्र प्रदेशाने तेरा लाख कोटींचा आकडा दिला, आणि २०२४ च्या जानेवारीत चेन्नईतून सहा लाख चौसष्ट हजार कोटींची घोषणा झाली. उत्तर प्रदेशाचा आकडा त्या राज्याच्या संपूर्ण वर्षाच्या सकल उत्पन्नाहून मोठा होता, याकडे त्या दिवशी कोणी फारसे लक्ष दिले नाही.

सामंजस्य करार हा उभयतांना कायद्याने बांधणारा दस्तऐवज नसतो. तो इरादा असतो. उद्योग खात्याच्या कामाशी सेवाकाळात माझा संबंध आला, त्यामुळे हे आकडे कसे जुळवले जातात याची मला थोडीबहुत कल्पना आहे. चालू कारखान्याच्या आधीच ठरलेल्या विस्तारालाही नवी गुंतवणूक म्हणून यादीत स्थान मिळते. एकच कंपनी एकाच वेळी दोन-तीन राज्यांशी बोलणी करते आणि प्रत्येकापुढे दुसऱ्याचा प्रस्ताव ठेवून सवलती वाढवून घेते. यात तिचे काही चुकते असे नाही. व्यापाऱ्याने घासाघीस करू नये तर कोणी करावी? प्रश्न आपल्या बाजूचा आहे. एकाच देशाची अठ्ठावीस राज्ये एकाच गिऱ्हाइकापुढे आपापली दुकाने मांडून बसतात, तेव्हा भाव कोणाचा पडतो, हा तो प्रश्न.

परकीय भांडवल यावे की येऊ नये, हा वाद १९९१ नंतर मिटला आहे आणि तो उकरून काढण्याची माझी इच्छा नाही. भांडवलाबरोबर तंत्र येते, कामाची शिस्त येते, निर्यातीची बाजारपेठ येते. पण ते कोणत्या किमतीला येते, किती काळ टिकते आणि त्यातून स्थानिक माणसाच्या पदरी काय पडते, हे विचारणे म्हणजे गुंतवणुकीला विरोध करणे नव्हे.

सवलती देऊन परदेशी व्यापाऱ्याला आपल्या मुलखात बोलावण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. १६३९ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरील एका नायकाने इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला मद्रासपट्टणमच्या वाळूत किल्ला बांधण्याची परवानगी दिली आणि जकातीत सूटही दिली. आपल्या बंदरात व्यापार वाढावा, हा त्याचा हेतू होता आणि तो काही वेडगळ नव्हता. त्यानंतर जे घडले त्याचा दाखला देऊन आजच्या प्रत्येक परदेशी कंपनीकडे संशयाने पाहणे हा इतिहासाचा गैरवापर ठरेल. आज देश सार्वभौम आहे, कायदे आपले आहेत. त्या प्रसंगातून घ्यायचा बोध मर्यादित आहे: सवलत देणारा स्थानिक सत्ताधीश आपल्या हद्दीपुरता विचार करतो, आणि त्याच्या निर्णयाचे परिणाम मात्र हद्द ओळखत नाहीत.

स्वातंत्र्यानंतरची चार दशके कारखाना कोठे निघावा हे प्रामुख्याने दिल्लीत ठरत असे. परवाना केंद्राचा, परकीय चलन केंद्राचे. त्या व्यवस्थेने काही प्रदेशांवर अन्यायही केला. १९५० च्या दशकात आलेल्या मालभाडे समानीकरणाच्या धोरणामुळे पोलाद देशभर सारख्याच दराने मिळू लागले आणि खनिजसंपन्न बिहार, ओडिशा, बंगाल यांचा नैसर्गिक लाभ हिरावला गेला. ते धोरण नव्वदच्या दशकात मागे घेतले गेले, तोवर पूर्व भारताची एक औद्योगिक पिढी वाया गेली होती. जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने परवाने बव्हंशी रद्द केले. राज्ये मोकळी झाली आणि लगोलग एकमेकांशी झुंजू लागली. ज्या साधनाने झुंजायचे ते होते विक्रीकराची माफी. ही स्पर्धा सर्वांनाच कंगाल करील हे ओळखून नोव्हेंबर १९९९ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत राज्यांनी किमान विक्रीकर दर मान्य केले आणि १ जानेवारी २००० पासून नव्या उद्योगांना विक्रीकराच्या सवलती न देण्याचे ठरवले. संघराज्याच्या इतिहासातील तो एक शहाणपणाचा क्षण होता. पण सवलती निराळ्या नावांनी परतल्या. वस्तू व सेवा कर आल्यावर माफीचा मार्ग बंद झाला, तर राज्ये आपल्या वाट्याचा कर परतावा म्हणून देऊ लागली. त्यात भांडवली अनुदान, नाममात्र दराने जमीन, वीजदरातील सूट आणि व्याजाची भरपाई यांची भर पडत गेली.

ही स्पर्धा कोठवर पोहोचली आहे याचे एक उदाहरण साणंदचे आहे. अमेरिकेच्या मायक्रॉन कंपनीने २०२३ च्या जूनमध्ये तेथे अर्धवाहक चिपच्या जुळणीचा व चाचणीचा प्रकल्प जाहीर केला. एकूण खर्च पावणेतीन अब्ज डॉलर. त्यातील निम्मा केंद्र सरकार देणार, वीस टक्के गुजरात सरकार देणार आणि कंपनीचा स्वतःचा वाटा सुमारे ८२ कोटी ५० लाख डॉलर, म्हणजे तीस टक्के. अर्धवाहकांच्या बाबतीत अमेरिका, युरोप, जपान सारेच अनुदाने देत आहेत आणि हे तंत्र देशात यावे यामागे सामरिक कारण आहे, हे मला मान्य आहे. तथापि शंभरातील सत्तर रुपये जनतेचे असतील, तर त्या कराराच्या अटी, नोकऱ्यांची बांधिलकी आणि ती न पाळल्यास होणारी वसुली यांची चर्चा विधिमंडळात व्हावी, एवढी अपेक्षा अवास्तव नाही. आणि हाच पायंडा पडला तर ज्यांच्या तिजोरीत वीस टक्के देण्याची ऐपत नाही, त्या राज्यांनी काय करावे?

महाराष्ट्रातील वाचकांना वेदान्त-फॉक्सकॉन प्रकल्प आठवत असेल. तळेगावला येणार म्हणून ज्याची चर्चा होती तो प्रकल्प सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातकडे गेला आणि दोन्ही राज्यांच्या राजकारणात मोठा गदारोळ उठला. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतले. ज्या कारखान्यावरून एवढे रान पेटले तो कोणालाच मिळाला नाही.

मग कारखाना येतो कशामुळे आणि राहतो कशामुळे? या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर चेन्नईच्या नैर्ऋत्येला असलेल्या श्रीपेरुम्बुदूरच्या परिसरात सापडते. १९९६ मध्ये ह्युंदाई तेथे आली, १९९८ मध्ये तिची सँट्रो बाजारात उतरली आणि पुढे हा परिसर देशातील मोटारनिर्मितीचे एक मोठे केंद्र झाला. राज्य सरकारने सवलती दिल्या हे खरे. पण तशा सवलती इतरांनीही देऊ केल्या असत्या. चेन्नईजवळ बंदर होते. अशोक लेलँड, टीव्हीएस, एन्फिल्ड यांच्यामुळे सुट्या भागांचे कारखानदार आणि कुशल कामगार होते. पन्नास-साठच्या दशकांत आर. वेंकटरामन उद्योगमंत्री असताना गिंडी व अंबत्तूर येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या होत्या. कामराजांच्या काळात खेडोपाडी शाळा गेल्या होत्या, ऐंशीच्या दशकात खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली होती. जमिनी विकसित करून देणारे ‘सिपकॉट’ हे महामंडळ १९७१ पासून काम करीत होते. सरकारे बदलली, एकमेकांचे कट्टर वैरी असलेले दोन पक्ष आलटून पालटून आले. पण उद्योगांच्या बाबतीत दिलेला शब्द सहसा कोणी मोडला नाही. परदेशी पाहुणा आला तो या चाळीस वर्षांच्या पुण्याईवर. ती कोणत्याही परिषदेच्या दालनात विकत मिळत नाही.

त्याच श्रीपेरुम्बुदूरने दुसरी बाजूही पाहिली आहे. २००६ मध्ये तेथे नोकियाचा कारखाना सुरू झाला आणि भरभराटीच्या काळात त्यात सुमारे आठ हजार जण काम करीत होते. त्यांत आसपासच्या जिल्ह्यांतून आलेल्या तरुण मुलींची संख्या मोठी होती. २०१३ मध्ये प्राप्तिकर खात्याने दोन हजार कोटींहून अधिक कराची मागणी करून मालमत्ता गोठवली. पुढे राज्याच्या करखात्यानेही सुमारे २,४०० कोटींची मागणी केली. मायक्रोसॉफ्टने नोकियाचा मोबाइल व्यवसाय जगभर विकत घेतला, पण वादात अडकलेला हा कारखाना त्या व्यवहाराबाहेर राहिला. मायक्रोसॉफ्टने मागणी थांबवली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये कारखान्याचे दरवाजे बंद झाले. मोबाइलचा बाजारही तोवर बदलला होता, त्यामुळे सारा दोष करआकारणीच्या माथी मारणे योग्य नाही. पण एका हाताने कर परत देण्याचा करार करायचा आणि दुसऱ्या हाताने तोच कर मागायचा, या विसंगतीची किंमत ना मंत्र्याने मोजली ना अधिकाऱ्याने. ती मोजली विशी-पंचविशीतल्या त्या मुलींनी. त्यांच्या हाती स्वेच्छानिवृत्तीची रक्कम आली आणि वय मात्र निवृत्तीचे नव्हते.

ओडिशाची कथा याहून दीर्घ आहे. जून २००५ मध्ये दक्षिण कोरियाच्या पोस्को कंपनीने जगतसिंहपूर जिल्ह्यात वर्षाला एक कोटी वीस लाख टन क्षमतेचा पोलाद प्रकल्प उभारण्याचा करार केला. बारा अब्ज डॉलरची ती योजना त्या काळी देशातील सर्वांत मोठी परकीय गुंतवणूक म्हणून गाजली. करारावर सही करताना ढिंकिया, गडकुजंग, नुआगाव येथील पानमळेवाल्यांना कोणी विचारले नव्हते. वाळूच्या त्या पट्ट्यात विड्याच्या पानांचे मळे होते, मासेमारी होती, काजू होता, आणि त्यावर गावांचे बरे चालले होते. जमिनीचा बराचसा भाग कागदोपत्री वनखात्याचा. म्हणून तेथे राहणारे कागदोपत्री अतिक्रमणदार. २००६ च्या वनाधिकार कायद्याने त्यांच्या हक्काला आधार दिला, आंदोलन पेटले, माणसे मेली, पर्यावरण मंजुरी न्यायाधिकरणात अडकली. २०१५ च्या खाणकायदा दुरुस्तीने खाणींचा लिलाव बंधनकारक केला आणि कंपनीला खाण मिळण्याची आशा मावळली. २०१७ मध्ये पोस्कोने काढता पाय घेतला. बारा वर्षांत एक टन पोलाद निघाले नाही. तोडलेले पानमळे मात्र गेले ते गेलेच, आणि जमीन सरकारच्या भूपेढीत जमा होऊन पुढे दुसऱ्या पोलाद कंपनीसाठी राखली गेली. गावकऱ्यांना आधी विचारले असते तर विलंब झाला असता, असे तेव्हा सांगितले जाई. बारा वर्षांहून अधिक विलंब कोणता झाला असता, हे मला अजून उमगलेले नाही.

याउलट आंध्र प्रदेशातील पेनुकोंडा पाहावे. अनंतपूर हा देशातील अत्यंत कमी पावसाच्या जिल्ह्यांपैकी एक. तेथे २०१७ मध्ये किया मोटर्सने करार केला आणि २०१९ मध्ये मोटारी बाहेर पडू लागल्या. राष्ट्रीय महामार्ग, बंगळूरूची जवळीक, चेन्नईतील पुरवठादार आणि त्या कोरड्या मुलखात जलाशयातून आणलेले पाणी यांमुळे ते साधले. अर्थात त्याच राज्यात २०१९ चे सत्तांतर होताच अमरावतीतील सिंगापूरच्या कंपन्यांबरोबरचा प्रकल्प गुंडाळला गेला. एका सरकारने दिलेला शब्द दुसरे सरकार पाळेल की नाही, हा गुंतवणूकदाराचा पहिला प्रश्न असतो आणि कितीही अनुदान दिले तरी त्याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

आता कामगारांकडे येतो, कारण परिषदांच्या भाषणांत त्यांचा उल्लेख ‘रोजगारनिर्मिती’ या एका शब्दात उरकला जातो. डिसेंबर २०२१ मध्ये श्रीपेरुम्बुदूरजवळच्या एका वसतिगृहात फॉक्सकॉनच्या आयफोन कारखान्यातील शंभराहून अधिक महिला कामगारांना अन्नातून विषबाधा झाली. त्यांच्या मैत्रिणी चेन्नई-बंगळूरू महामार्गावर येऊन बसल्या तेव्हा या मुली कोणत्या परिस्थितीत राहतात हे जगाला कळले. कारखाना काही आठवडे बंद राहिला. वसतिगृहे व भोजनकक्ष आपल्या निकषांत बसत नाहीत, हे ॲपलने मान्य केले. त्यानंतर राज्याच्या महामंडळाने वल्लम वडगाल येथे अठरा हजारांहून अधिक महिलांची सोय होईल अशी निवासव्यवस्था बांधली आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये ती खुली झाली. सार्वजनिक पैशाचा हा विनियोग मला कोणत्याही भांडवली अनुदानापेक्षा शहाणपणाचा वाटतो. कंपनी उद्या गेली तरी ती इमारत राहील आणि पुढच्या उद्योगातील मुली तेथे राहतील. देशातील कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ४३ टक्के एकट्या तमिळनाडूत आहेत. तो त्या राज्याचा खरा ठेवा आहे.

पण तेथेही सारे सुरळीत नाही. २०२४ च्या सप्टेंबरात सॅमसंगच्या कारखान्यातील हजारावर कामगार संपावर गेले आणि सदतीस दिवस बाहेर राहिले. त्यांच्या मागण्यांत वेतनवाढ होतीच, पण गाठ पडली होती ती संघटनेला मान्यता देण्यावर. संघटना बांधण्याचा हक्क संविधानाने दिला आहे, आणि तिच्या नोंदणीचा कायदा १९२६ पासून, म्हणजे परक्यांच्या राजवटीपासून, या देशात आहे. गुंतवणूकदार नाराज होईल म्हणून स्वतंत्र देशातील राज्य सरकारने त्या नोंदणीला टाळाटाळ करावी, हे शोभणारे नाही. जानेवारी २०२५ मध्ये ती नोंदणी अखेर झाली आणि त्यामुळे कोणतेही आभाळ कोसळले नाही.

दुसऱ्या टोकाला काही राज्यांनी स्थानिकांसाठी नोकऱ्या राखून ठेवण्याचे कायदे केले. आंध्रने २०१९ मध्ये केला. हरियाणाने केलेला पंचाहत्तर टक्क्यांचा कायदा पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवला. कर्नाटकाने २०२४ मध्ये तशा विधेयकाची तयारी केली आणि उद्योगांचा विरोध होताच ते बाजूला ठेवले. या कायद्यांमागील अस्वस्थता मी समजू शकतो. जमीन आमची, पाणी आमचे, सवलत आमच्या करातून आणि नोकऱ्या दुसऱ्यांना, असे तरुणांना वाटते. पण जो तरुण यंत्रावर उभा राहण्याजोगा शिकलेला नाही त्याला कायदा नोकरी देऊ शकत नाही, आणि जो शिकलेला आहे त्याला सहसा कायद्याची गरज भासत नाही.

या साऱ्याचा राष्ट्रीय ताळेबंद काय? २०२४-२५ मध्ये देशात सुमारे ८१ अब्ज डॉलरची ढोबळ थेट परकीय गुंतवणूक आली. परदेशी कंपन्यांनी परत नेलेले आणि भारतीय कंपन्यांनी बाहेर गुंतवलेले भांडवल वजा जाता निव्वळ हाती राहिले ते जेमतेम एक अब्ज डॉलरच्या आत. परतफेड होणे हे परिपक्व बाजाराचे लक्षण आहे असे सांगितले जाते आणि त्यात तथ्य आहे. तरीही, आलेले किती यापेक्षा राहिलेले किती, हे पाहण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. शिवाय समभागांच्या रूपाने आलेल्या भांडवलाचा बहुतांश वाटा महाराष्ट्र, कर्नाटक, गुजरात, दिल्ली, तमिळनाडू या मोजक्या ठिकाणी जातो. त्यातही कंपनीचे कार्यालय मुंबईत वा दिल्लीत असले की आकडा तेथे चढतो, कारखाना कोठेही असो. बिहार, झारखंड, आसाम यांच्या वाट्याला येते ते नगण्य. मालभाडे समानीकरणाने जे पूर्वेचे झाले ते दिल्लीने केले होते. आता तेच काम राज्यांमधील बोली करीत आहे.

उपाय अवघड नाहीत. त्यांना इच्छाशक्ती हवी. पहिला म्हणजे, प्रत्येक राज्याने दरवर्षी अर्थसंकल्पाबरोबर एक पत्रक विधिमंडळापुढे ठेवावे: पाच वर्षांपूर्वी किती करार झाले, त्यांतील किती कारखाने उभे राहिले, किती माणसे कामाला लागली आणि एका नोकरीमागे तिजोरीतून किती खर्च झाला. दुसरा, एखाद्या कंपनीच्या नावे द्यायच्या अनुदानापेक्षा रस्ते, वीज, पाणी, कामगारांची घरे आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांवर खर्च करावा. कंपनी गेली तरी हे मागे उरते. तिसरा, सवलतींवर सर्व राज्यांनी मिळून मर्यादा घालून घ्यावी. १९९९ मध्ये हे होऊ शकले होते. आज त्यासाठी वस्तू व सेवा कर परिषदेसारखे व्यासपीठ उपलब्ध आहे, आणि संविधानाने दिलेली आंतरराज्य परिषदही आहे. तिची शेवटची बैठक जुलै २०१६ मध्ये झाली हे मात्र खेदाने नमूद करावे लागते. ज्या मागास राज्यांना अधिक सवलती देण्याची गरज आहे, त्यांना त्या केंद्राच्या निधीतून देता येतील. चौथा, करविषयक शब्द पाळावा. २०१२ चा पूर्वलक्षी कर २०२१ मध्ये मागे घेतला गेला. मधल्या नऊ वर्षांत देशाची जी पत गेली ती कोणत्याही जाहिरातीने भरून निघाली नाही.

यावर एक आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. व्हिएतनाम आणि मेक्सिको दारात उभे असताना आपण अटी घालीत बसलो तर भांडवल निघून जाईल. या भीतीत अर्थ आहे. पण जी कंपनी केवळ सवलतीसाठी येते ती सवलत संपताच जाते, आणि जिला बंदर, वीज, कुशल हात व कायद्याची शाश्वती हवी असते ती अटी असूनही येते. फोर्डने २०२१ मध्ये भारतातील मोटारनिर्मिती थांबवण्याचे जाहीर केले. साणंदचा तिचा कारखाना टाटांनी घेतला. चेन्नईजवळच्या मरैमलाई नगरातील कारखाना मात्र तिने विकला नाही आणि २०२४ च्या सप्टेंबरात निर्यातीसाठी तो पुन्हा वापरण्याचा इरादा राज्य सरकारला कळवला. निघून गेलेला पाहुणा परत येण्याचा विचार करतो, तेव्हा तो भूमीच्या गुणांकडे पाहून करतो.

येत्या हिवाळ्यात पुन्हा परिषदा भरतील, पुन्हा नवे आकडे जाहीर होतील. त्या वेळी वृत्तपत्रांनी आणि आमदारांनी एक साधा प्रश्न विचारावा: मागच्या परिषदेतील यादीचे काय झाले? हा प्रश्न दरवर्षी न चुकता विचारला गेला, तर पुढच्या वर्षीचा आकडा आपोआप लहान होईल आणि बहुधा खराही.